निर्माल्याची पिशवी

या, सरका जवळ. भिंतीशी टेकायची जागा म्हाताऱ्यांना ठेवा. कीर्तन सुरू व्हायला अवकाश आहे, तोवर एका सुडाची गोष्ट सांगतो. क्षमा थोर, हे मीही टाळ वाजवत म्हणत आलोय. पण ही गोष्ट क्षमेची नाही.

चौऱ्याण्णव साल. डोंबिवलीच्या खाडीकाठच्या कोळ्यांची सगुणा आमच्या शाळेत नववीला विज्ञान शिकवायची. धाकू तिचा धाकटा भाऊ, होडी चालवायचा. तेव्हा जगनशेठच्या कारखान्यातून हिरवी निर्माल्य पिशवी निघाली होती. वर छापलेलं, ‘आपोआप कुजते’. आम्ही भाविक माणसं खूश! देवाची फुलं गाठ मारून पिशवीसकट पुलावरून खाडीत. असल्याच पिशव्या धाकूच्या होडीच्या इंजिनाच्या पंख्यात गुंडाळल्या गेल्या. भर ओहोटीत तो त्या सोडवायला उतरला, आणि गेला.

शेठ समाचाराला आला नि दारातच म्हणाला, “प्यायला असेल पोरगा.”

धाकूच्या गळ्यात माळ होती हो! पावसाळ्यात सगुणाने मुलांकडून शाळेच्या बागेत दोन गोष्टी पुरून घेतल्या. एक मुलांनी बटाट्याच्या स्टार्चचा शिजवलेला पापुद्रा, दुसरी शेठची पिशवी.

वर्गात मुलांना हात धरून दोन रांगांत उभं केलं, एक स्टार्चची, दुसरी पॉलिथीनची, म्हणजे पिशवीच्या प्लॅस्टिकची. “तुम्ही एकेक लहान रेणू. हात धरलेत की झालं पॉलिमर. रतन, तू मातीतला जंतू. साखळी तोडलीस तरच खायला मिळेल.”

स्टार्चवाल्यांना तिने हात सैल धरायला सांगितले होते, पॉलिथीनवाल्यांना घट्ट.

“बाई, हे सुटतच नाहीत!” रतन घामाघूम.

“मग उपाशी मर,” बाई म्हणाल्या. वर्ग हसला.

पौषात विज्ञान प्रदर्शन. पाहुणा जगनशेठ, शेजारी देवळाचे विश्वस्त; माघी गणपतीला त्याच्याच पिशव्या घ्यायचं त्यांच्या मनात होतं. मुलांनी माती उकरली. पापुद्रा नाहीसा. शेठची पिशवी चाळण होऊन, तुकड्यातुकड्यांनी वर आली.

“कुजली की नाही?” शेठ फुलला. टाळ्या पडल्या. बाईंनी त्या पुरत्या वाजू दिल्या.

“नंदा, आयोडीन.”

नंदाने कोऱ्या पिशवीवर थेंब टाकला, स्टार्चवर पडतो तसा निळाकाळा डाग पडला. मातीतल्या तुकड्यावर टाकला, काहीच नाही.

“बाई, यातलं स्टार्च संपलं,” नंदा म्हणाली.

“जंतूंनी मिसळलेलं पीठ तेवढं खाल्लं, शेठ. प्लॅस्टिक आहे तिथंच. फक्त माशाच्या तोंडात मावेल एवढं झालं.”

“अहो, पोरांचे खेळ हे!”

“मग त्याच खेळावर आत्ता टाळ्या कशा घेतल्यात?”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई पुढे झाल्या. “आता सगळ्यांसमोर म्हणा, माझा भाऊ शुद्धीत होता.”

शेठ विश्वस्तांकडे बघू लागला. विश्वस्त जमिनीकडे. शेवटी पुटपुटला, “होता.”

“मोठ्याने.”

“शुद्धीत होता!”

देवळाने पिशव्या नाकारल्या, मग बाकीच्यांनीही. कारखान्याला कुलूप लागलं. बाई मुद्दाम वाट वाकडी करून ते बघून यायच्या.

मी एकदा विचारलं, “बाई, निवलं का मन?”

“नाही,” म्हणाल्या. “पण गोड लागतंय.”

मी त्यांना उपदेश केला नाही. तुम्हीही करू नका. एवढंच करा, पुलावरून जाताना खाडीला हात जोडाल, तेव्हा धाकूची आठवण ठेवा.