डाळीच्या रेघा

“हा दरवाजा कोनं रंगवला?” डाळीचं घमेलं हातात तसंच धरून भागीरथाबाईनं विचारलं.

“म्या सांगतलं रंगवाले,” मुख्याध्यापक किसनराव म्हणाले. “आज जपानचे पाव्हणे येऊन राहिले. शाळा कशी चकाचक पाहिजे.”

“अन् माह्या रेघा?”

रेघांचं किसनरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. भागीरथाबाईनं घमेलं खाली ठेवलं.

अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातली ही शाळा. नऊ वर्षं पोरांचा वरणभात तिच्याच हातचा. पण विहिरीच्या खाऱ्या पाण्यात डाळ काही केल्या शिजायची नाही, सिलिंडर लवकर संपायचं आणि बोल बाईला. “तिचा हातच सैल हाय,” असं शाळेच्या समितीत किसनरावच बोलले होते. दुसरी बाई ठेवायचं घाटत होतं. मग तिनं स्वयंपाकखोलीच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला खडूनं हिशेब मांडला. दर सोमवारी एक ओळ, डाळ शिजायला लागलेल्या दर पाव तासाला एक रेघ. पावसाळ्यात पाणी कमी खारं तेव्हा सहा, एप्रिलात दहा. दोन वर्षं हे चाललं.

यंदा जपानमधल्या एका शाळेशी जोडणी झाली. दोन्हीकडच्या पोरांनी आपापलं पाणी मोजायचं नि एकमेकांना कळवायचं. खारेपणा मोजायचं यंत्र दोन महिन्यांत बंद पडलं, तेव्हा विज्ञान शिकवणाऱ्या प्रियदर्शनी मॅडमनी तिकडे या रेघांचं कळवलं. अंधाऱ्या खोलीत फोटो धड आला नाही. तिकडच्या शिक्षिका म्हणाल्या, मी स्वतः बघायला येते. तिला ठेवायचं की नाही हे ठरवायला समितीही आजच बसणार होती. भागीरथाबाईची सारी भिस्त त्या दरवाजावर होती, आणि तो आता निळाशार झाला होता.

अकराला त्या जपानच्या पाहुण्या बाई आल्या. दरवाजा बघून मॅडमचा चेहरा उतरला. समितीतला गजेंद्र हसला, “घ्या! आता कायच्या रेघा अन् कायचं काय!”

भागीरथाबाईला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. तिनं विहिरीचं पाणी शेंदून आणलं. पाहुण्यांसाठी मागवलेला गोड्या पाण्याचा कॅन उचलला. दोन सारखे गंज, म्हणजे पातेली, दोन शेगड्यांवर चढवली, दोन्हींत वाटी वाटी तुरीची डाळ टाकली.

“हे कॅनचं, हे इहिरीचं. डाळ एकच, हात बी माहाच. बसा आता.”

मॅडमनी ते पाहुण्यांना सांगितलं. त्या चपला काढून जमिनीवरच बसल्या. समितीलाही बसावं लागलं.

तासाभरानं कॅनची डाळ पार गळली. विहिरीच्या गंजातला एक दाणा किसनरावांनी तोंडात टाकला. तो दाताखाली कटकन वाजला. गजेंद्र खाली बघत होता. पाहुण्या वहीत काहीतरी लिहीत होत्या.

किसनरावांनी खिशातून खडू काढला नि भागीरथाबाईपुढे धरला.

“किती झाल्या?”

“चार. थांबा, अजून शिजाची हाय.”

रंग अजून चिकट होता, खडू नीट उठेना. तिनं दाबून दाबून चार रेघा ओढल्या आणि पाचवीसाठी जागा सोडली.