न रडणारी पोरं

गोंदियाच्या रेल्वेलायनीपलीकडच्या बिडी कारखान्यात बिड्या वळणाऱ्या बायांची पोरं रडत नसत. मुकादम केवळरामला त्याचा कोण अभिमान! मालकाचे पाहुणे आले की भिंतीशी गोणपाटावर निजलेली पोरांची रांग तो हौसेने दाखवी. त्या शहाणपणाचं कारण होतं अफू. सकाळी आणि दुपारी पोरं सांभाळणारी अनुसयाबाई करंगळीच्या नखावर कणभर अफू घेऊन पोरांच्या जिभेला लावी. इंग्रज सरकारच्या परवान्याच्या दुकानातली अफू, मालकाकडून फुकट. एरवी बिडीचं पान जरा वाकडं दिसलं तरी गड्डीच्या गड्डी फेकून देणारा मालक एवढ्याच बाबतीत उदार होता.

तिथेच बिड्या वळणाऱ्या कुंताचा पहिला मुलगा असाच निजून निजून वाळत गेला आणि मेला. तिचं दूधच वाईट, असं सासूने चारचौघींत सांगितलं. कुंतालाही ते खरंच वाटलं.

आता शामकला होती, दोन महिन्यांची. दुपारची अफू लावायच्या आधी कुंताने तिला पाजायला घेतलं. चोळी भिजली होती, छाती दुखत होती. पण पोरगी ओठ हलवेना. दूध तिच्या गालावरून ओघळून मानेत गेलं. पहिल्याचंही असंच होत असे. दुधात काहीच वाईट नव्हतं. ते प्यायला पोर जागं कधी होतं?

कुंताच्या अंगाची लाही लाही झाली. तिने अनुसयाबाईपुढची अफूची डबी उचलली आणि बाहेरच्या नालीत रिकामी केली.

"पागल झालीस का वं? पोट्टे उठले तं बिड्या कोन वळन?" अनुसयाबाई म्हणाली.

"माहं पोरगं उपाशी मेलं, मावशी. दूध असून उपाशी मेलं."

अनुसयाबाईने करंगळी पदराखाली घेतली.

कुंता शामकलाचे तळवे चोळत राहिली. तिसऱ्या प्रहरी एक पोर रडलं, मग दुसरं, मग भिंतीकडची सगळी रांगच. केवळराम धावत आला.

"चूप करा यायले. मालक येऊन राह्यले."

त्याच वेळी शामकलाने बारीक, घोगरा सूर काढला. कुंताला भरून आलं आणि संतापही आला.

"रडू दे तिले, मुकादम. आज तिले भूक लागली."

बिडीची पानं सुपासकट बाजूला सारून ती सगळ्यांदेखत पोरीला पाजायला बसली.