धुतलेला कोट

दादाच्या कोटाला आमच्या घरात कधी पाणी लागलं नाही. ड्रॅगन माणसाला चेहऱ्याने नाही, वासाने ओळखतो. त्यामुळे अंडं फुटताना सोबत्याच्या अंगावर जो कोट असेल तो पुढे धुवायचा नाही, हा फौजेचा नियम. दादा सुट्टीवर आला की शेजारीण खिडकी लावून घ्यायची. आई म्हणायची, याला नाक नसलेलीच बायको शोधावी लागणार.

त्याच्या ड्रॅगनला आम्ही धाकटा म्हणायचो. पिल्लू होता तेव्हा तो आमच्या चुलीपाशीच वाढला आणि आईने त्याला मांडीवर घेऊन भरवलं. माझ्या वाट्याची साय तो चाटूनपुसून खायचा आणि वर ओरडा मला बसायचा.

लढाईत दादा गेला. धाकट्याने त्याला पाठीवरून परत आणलं आणि मग तबेल्यात पडून राहिला. अन्नाला शिवेना. तेव्हा हवालदार कोट घेऊन आमच्या दारात आला. जवळच्या नातेवाइकाने कोट घालून समोर उभं राहायचं. ड्रॅगनने त्याच्या हातून घास घेतला तर तोच नवा सोबती, आणि दोघांची रवानगी आघाडीवर. नाही घेतला तर ड्रॅगनला मारायचं, कारण सोबत्यावाचून ड्रॅगन पिसाळतो आणि गावं जाळतो. घरात आम्ही दोघीच उरलेल्या. आईचं वय झालेलं, म्हणजे मीच जाणार हे उघड होतं. आणि मला जायचं होतं. दादा गेलाच होता, निदान धाकटा तरी वाचावा.

सकाळी उठून बघते तर कोट दोरीवर वाळत घातलेला. मी आईला तोंडाला येईल ते बोलले. त्यावर रक्त होतं, पोरीच्या अंगावर तसा कसा घालू, एवढंच ती म्हणाली. हवालदारालाही तिने तेच ऐकवलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

तबेल्यात धाकट्याने माझ्या हातातलं मांस हुंगलं, ओला कोट हुंगला आणि मान फिरवली. मग तो सरपटत आईपाशी गेला आणि तिच्या तळव्यात नाक खुपसलं. हवालदार चमकला.

"आजी, तुम्ही भरवून बघा. हा तुम्हाला ओळखतोय."

आईने हात पाठीमागे घेतले. "माझी नि याची ओळख नाही."

धाकट्याने जरा वाट पाहिली. मग तिच्या पावलावर हनुवटी टेकून डोळे मिटले, लहानपणी चुलीपाशी झोपताना मिटायचा तसेच. कुऱ्हाडवाल्याने आईला बाजूला व्हायला सांगितलं. मी हलले तर तो जागा होईल, असं म्हणून ती तिथेच उभी राहिली.

परतताना मी रडत रडत भांडले. एक घास दिला असतास तर तो जगला असता, असं तिला म्हणाले.

"दिला असता. गेले असते त्याच्याबरोबर," आई म्हणाली. "आणि मी मेल्यावर कोट कुणाकडे आला असता? उगाच नाही धुतला मी तो."

तिच्या पावलावर रक्त वाळलं होतं. घरी येऊन तिने तबेल्यात घातलेले आमचे सगळे कपडे धुतले, पाय मात्र धुतले नाहीत.