दुपारचं बोलणं

धाकटीने मेणाच्या हिरडीवर गरम सुरी टेकवली आणि नेमकी तेव्हाच तिच्या कानात आई हसली. सुरी घसरली. साच्यावर ओळीने बसवलेल्या दातांतला एक सुळा मेणासकट निखळून टेबलावर पडला. तिने तो चिमट्याने उचलला, दिव्याखाली धरला आणि जागेवर बसवायचं सोडून नुसती त्याच्याकडे पाहत राहिली.

आई अजून हसतच होती. मोकळं, मधूनच धाप लागल्यासारखं हसू.

"मग त्यांनी काय केलं?" मोठीचा आवाज.

"काय करणार? छत्री उचलली आणि निघून गेले. आणि बाहेर पाऊस नव्हताच."

पुन्हा दोघी हसल्या. धाकटीने इयरफोन कानात आणखी आत ढकलला.

शेजारच्या टेबलावर घारी कवळीला चकाकी आणत होती. कवळ्या बनवणारी ती सगळी प्रयोगशाळा तिला घारीच म्हणायची. खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू येई. तिने मशीन थांबवलं.

"एवढं कोणाचं ऐकतेस? तुझा चेहरा बघून वाटतंय, नवऱ्याचं बाहेर काहीतरी सापडलंय."

"मला नवरा कुठे आहे?"

"म्हणून तर विचारते."

धाकटी हसली नाही. तिने सुरी पुन्हा ज्योतीवर धरली.

आईच्या खुब्याचं हाड मोडल्यानंतर मोठी चार दिवस रजा काढून आली होती. जाताना तिने आईच्या खोलीतल्या कपाटावर एक कॅमेरा बसवला. मुठीएवढा, पांढरा, बोलता येणारा. दोघींच्या फोनवर त्याचं ॲप टाकलं. "तू कामावर असतेस, मी इतकी लांब. काही झालं तर निदान दिसेल तरी," ती म्हणाली होती. धाकटीला ते पटलंही होतं. सुरुवातीला ती दिवसातून एकदा डोकावायची. आई झोपलेली असे, नाहीतर खिडकीकडे तोंड करून बसलेली.

मग एका दुपारी तिने डबा खाता खाता ॲप उघडलं, तर मोठी आधीच आईशी बोलत होती. एरवी कोणी पाहू लागलं की कॅमेऱ्यावर बारीकसा हिरवा दिवा लागायचा. आधीच लागलेला असला की तो तसाच राहायचा, पाहणारी एक असो की दोन. बोलायचं बटण दाबून 'मीपण आहे' असं म्हणायला धाकटीने तोंड उघडलं होतं. पण आई सांगत होती, की बाबांचं स्थळ आलं तेव्हा तिने आधी नकार कळवला होता. का, तर त्यांचे कान मोठे होते. ही गोष्ट धाकटीने जन्मात ऐकली नव्हती. तिने तोंडातला घास गिळला आणि गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी सांगायचं म्हटलं, तर काल का नाही बोललीस असं झालं असतं. तिसऱ्या दिवशी तर तो विषयच उरला नाही.

आता तिला रोजची वेळ पाठ झाली होती. आई मोठीला 'राणी' म्हणायची. पन्नाशीला टेकलेल्या, मोठ्या हुद्द्यावरच्या, घटस्फोट पचवून ताठ उभ्या असलेल्या बाईला 'राणी'. धाकटीला नुसतं 'अगं'. आणि ज्या दातांनी आई एवढं हसत होती ते धाकटीने केलेले होते. हिरडीचा रंग जुळेना म्हणून तिने तयार झालेली कवळी मोडून पुन्हा केली होती. एक दात मुद्दाम किंचित वाकडा बसवला होता, आईचा होता तसा. ते हसू भलतीच्याच वाट्याला जात होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने आईच्या पाठीमागची उशी सरळ केली, गोळ्या काढून ठेवल्या, खिडकी लावली.

"ताईचा फोन होता?"

"हो, आला होता."

"काय म्हणत होती?"

"काही विशेष नाही. तिकडे गारठा पडलाय."

धाकटीने पाण्याचा पेला आईच्या हातात दिला. "बाबांना तू पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा कसे वाटले होते गं?"

आईने गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायली. "आता काय आठवतंय," ती म्हणाली. "तू जेवून घे. दमली असशील."

धाकटी स्वयंपाकघरात गेली आणि एकही भांडं न घासता नळ सोडून उभी राहिली.

असे सापळे ती रोज लावू लागली. आई एकाही सापळ्यात सापडली नाही. मग तिने दुसरी वाट धरली. दुपारी जे कानावर पडेल त्याची संध्याकाळी सोय. सूप पाणचट लागतं, असं आईने मोठीला सांगितलं की त्या दिवसापासून सूप दाट. गुडघा ठणकतो म्हटलं की गरम पाण्याची पिशवी. मोठीने नुसतं 'अरेरे' म्हणावं आणि धाकटीने करून दाखवावं. यात तिला एक कडवट समाधान मिळत होतं.

एकदा आई मोठीला म्हणाली, "रात्री जाग आली की क्षणभर कळत नाही मी कुठे आहे. हाक मारावी तर कोणाला मारू, तेही आठवत नाही."

मोठी म्हणाली, "मलाही होतं तसं, आई."

धाकटी त्या संध्याकाळी रात्रीचा दिवा घेऊन आली. बारीक पिवळ्या उजेडाचा, भिंतीतल्या प्लगला लावायचा. आईने आधी दिव्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुला कसं सुचलं?"

"असंच. अंदाजाने."

आईने मान डोलावली. त्यानंतर काही दिवस दुपारचं बोलणं कोरडं झालं. हवा, औषधं, शेजारच्यांच्या घराला दिलेला नवा रंग. धाकटीला आधी बरं वाटलं, चला, आता ताईलाही नुसता 'गारठा'च मिळतोय. पण मग इयरफोन कानात असूनही दुपार रिकामी जाऊ लागली, आणि तिच्या लक्षात आलं की तिलाही त्या हसण्याची सवय लागली होती.

मग एके दिवशी आईचा आवाज पुन्हा खाली आला, खाजगी झाला.

"राणी, एक मागू? मला थोडे दिवस तुझ्याकडे घेऊन जा."

धाकटीच्या हातात कोणाची तरी खालची कवळी होती. ती तिने हळूच फडक्यावर ठेवली.

"आणि तिला सांगू नकोस," आई म्हणाली. "सांगायचं झालं तर मी..."

"हे कोणी केलंय?" मालक टेबलापाशी उभे होते. त्यांच्या हातात साचा होता. "वरचा जबडा एकाचा, खालचा दुसऱ्याचा. हा माणूस चावणार कसा?"

धाकटीने इयरफोन काढला. चूक तिचीच होती. ती निस्तरेपर्यंत कपाटावरचं बोलणं संपलेलं होतं, पडद्यावर आई पाठमोरी झोपली होती. झालेलं बोलणं ॲपमध्ये साठवलेलं असतं, हे तिला माहीत होतं. बोट टेकवलं की पुढचं सगळं ऐकता आलं असतं. बोट टेकवायचा तिला धीर झाला नाही. मोठी आनंदाने 'ये ना' म्हणाली असणार, आणि ते 'ये ना' तिला ऐकायचं नव्हतं.

ती वाट पाहू लागली. आई आज सांगेल, उद्या सांगेल. उशी सरळ करताना, अंघोळ घालताना, केस विंचरताना ती मुद्दाम रेंगाळायची. आई 'पुरे गं' म्हणायची, एवढंच. मध्ये मोठीचा फोन आला, कॅमेऱ्यावर नव्हे, सरळ धाकटीला.

"तू थकत असशील ना गं?"

"मी का थकू?"

"नाही, आपलं विचारलं."

"तुला काही सांगायचं होतं का, ताई?"

"नाही," मोठी म्हणाली. "आई बरी आहे ना?"

"तू बघतेसच की रोज," म्हणून धाकटीने फोन ठेवला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आई पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली होती. धाकटीने खाली बसून तिची पावलं कोमट पाण्यातून काढली, मांडीवर टॉवेल पसरला आणि नखं कापायला घेतली. सुट्टीला मोठी सहसा आईशी बोलायची नाही. धाकटी घरी असते ना, म्हणून. हेही धाकटीच्या हिशोबात जमा होतं.

"अंगठ्याचं नख आत वाढतंय," ती म्हणाली. "तिरपं कापावं लागतं. तिकडे ताईला जमायचं नाही हे, आधीच सांगून ठेव."

बोलून गेल्यावर तिला कळलं. तिने वर पाहिलं नाही. कात्री चालवत राहिली.

"तिकडे म्हणजे?" आईने विचारलं.

धाकटीने पुढच्या बोटाचं नख धरलं.

"कधीपासून ऐकतेस?"

"पहिल्यापासून."

आईने पाय काढून घेतला नाही. "दिवा आणलास तेव्हा वाटलंच मला," ती म्हणाली. "मग ठरवलं, आता काही बोलायचं नाही. थोडे दिवस नाही बोलले. पण नाही जमलं."

"मग तिच्याशी जे बोलतेस ते माझ्याशी का नाही बोलत? मी इथे असते. रोज असते." धाकटीचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला. "ती काय करते तुझं? नुसतं हं हं करते."

"हो ना," आई म्हणाली. "तेच करते. तिला काही करता येत नाही तिथून. म्हणून सांगवतं. तुला दुखतंय म्हटलं की तू उठतेस. पिशवी आणतेस, गोळी आणतेस. चांगलंच आहे ते. पण माझं सांगायचं अर्धंच राहतं. तुझ्यापुढे मी पेशंट असते गं. तिच्यापुढे नुसती म्हातारी."

धाकटीने टॉवेलवरची नखं बोटाने गोळा केली. बराच वेळ गोळा करत राहिली.

"म्हणून जायचंय?"

"जायचं होतं."

"होतं?"

"तू पुढचं नाही ऐकलंस वाटतं." आईने चादरीची कड सरळ केली. "आत्ता नको म्हणाली ती. घर लहान आहे, दिवसभर बाहेर असते, कोण बघणार. सगळं खरंच आहे. रडली बिचारी. मीच तिची समजूत घातली."

धाकटीने आता वर पाहिलं. आईचा चेहरा नेहमीसारखाच होता, फक्त ती खिडकीकडे पाहत होती आणि खिडकीत काही नव्हतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुला सोडून जायला निघाले होते आणि तिने घेतलं नाही, असं सांगू?"

तेवढ्यात कपाटावरून आवाज आला. "आई, जेवलीस का गं?"

दोघींनी एकदमच वर पाहिलं. हिरवा दिवा लागला होता.

"जेवले," आई म्हणाली. "आम्ही बोलतोय. तू नंतर कर."

"बरं," मोठी म्हणाली. मग थोड्या वेळाने पुन्हा, "बरं."

आम्ही. धाकटीच्या छातीत काहीतरी गरम पसरलं आणि त्याची तिला लाजही वाटली. तिने आईचा दुसरा पाय मांडीवर घेतला. कपाटावरचा आवाज थांबला होता. दिवा मात्र विझला नव्हता. कॅमेऱ्याची वायर तिच्या हाताच्या अंतरावर भिंतीतून वर गेली होती. ओढली की झालं असतं.

लांबच्या त्या लहान घरात मोठी आत्ता फोन कसा धरून बसली असेल, ते धाकटीला न पाहताही दिसत होतं. बटण दाबल्याशिवाय काही ऐकू जात नाही हे माहीत असूनही श्वास कसा कोंडला जातो, तेही.

"ताईचं घर खरंच लहान आहे, आई," ती म्हणाली. रोजच्यापेक्षा जरा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. "तिचा नाइलाज असणार."

आईने दिव्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे. तिला काय कळायचं ते कळलं असावं. तिने बोटाने जवळ बोलावलं. धाकटी गुडघ्यांवर उठली आणि तिने कान आईच्या तोंडाशी नेला. आईच्या श्वासाला औषधाचा वास होता.

"मघाशी अंगठ्याला कात्री लागली," आई कुजबुजली. "मी बोलले नाही."

धाकटीने खाली पाहिलं. नखाच्या कडेला रक्ताचा बारीकसा थेंब येऊन वाळायला लागला होता. तिचा हात कापूस ठेवलेल्या खणाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. तो तिने परत घेतला, आईच्या पावलावर ठेवला आणि खाली बसली.

"खूप लागलं?" तिनेही कुजबुजूनच विचारलं.

"खूप नाही," आई म्हणाली. "पण लागलं."