चार्वीला फोन दे

पहिला घास तोंडात गेला न गेला तोच अपेक्षाच्या फोनवर मेल आला: तुमचा पासवर्ड बदलला आहे. तिनं तर बदललाच नव्हता. मग दुपारची लिंक आठवली. कॉलेजातल्या मैत्रिणीच्या नावानं आलेली. बाळांच्या फोटोंची स्पर्धा, मत द्या. बँकेतल्या गडबडीत तिनं पासवर्ड टाकून दिला होता.

इन्स्टाग्राम उघडेना. घरच्यांपुरतंच ठेवलेलं खातं, चार्वीचं जन्मापासूनचं सगळं त्यात. आंघोळीचे फोटोसुद्धा. ते आता कुणीतरी परका माणूस निवांत बघत असेल!

खातं सोडवायला कोड लागणार, आणि तो जाणार सासूबाईंच्या फोनवर. खातं काढलं तेव्हा तिचं सिमकार्ड बंद पडलेलं, म्हणून तिनंच तो नंबर दिला होता. म्हणजे खातं कायमचं बळकावायला चोरालाही तोच कोड हवा. तिनं घाईनं सांगलीकडं गावी फोन लावला. सासूबाईंनी, राजमतीबाईंनी, कट केला. पुन्हा लावला. पुन्हा कट.

तिसऱ्यांदा उचलला. "कोण?"

"आई, मी अपेक्षा. कुणाला कोड दिला नाहीत ना?"

"एक अपेक्षा मगाधरनं इन्स्टावर कोडच मागतीया. काय करतीस इचारलं, तर म्हणती जेवतीया. दिवं लागून तास झाला आन् जेवतीया! सूर्य मावळल्यावर आमच्या जैनात कोण ताटावर बसतंय? तवाच वळखलं, ह्यो चोर हाय. आता तू तरी कशावरनं खरी?"

अपेक्षानं समोरच्या वरणभाताकडं बघितलं. बँकेतून सुटून मलकापूरला घरी पोचेपर्यंत रोजच अंधार पडायचा. सासूबाईंना हे कधी कळू दिलं नव्हतं.

"आवाज ओळखत नाही का, आई?"

"आवाज बी काढत्यात म्हणं हल्ली. चार्वीला फोन दे."

चार्वी ताटाशीच बसली होती, गालाला शितं. तिकडं चोर दुसरी काही थाप मारत असेल. अपेक्षानं डोळे मिटले आणि फोन लेकीच्या कानाला लावला.

"आज्जी! आई भात खाती. पापड मी खाल्ला!"

अपेक्षानं फोन परत स्वतःच्या कानाला लावला.

"दाब काय दाबायचं ते," राजमतीबाई अखेर म्हणाल्या. अपेक्षानं कोड मागवला. "आलं बघ. लिही."

एकेक आकडा त्या सावकाश वाचत गेल्या. अपेक्षा टाकत गेली. खातं उघडलं. तिनं पासवर्ड बदलला, बाकी सगळ्या फोनांवरून ते बंद केलं.

"मिळालं, आई."

"आंघोळीचं फोटो आधी काढून टाक."

"हो."

दोघींपैकी कुणीच फोन ठेवेना.

"आई, ते मी..."

"गार झालं आसंल आता," राजमतीबाई म्हणाल्या. "गरम करून जेव."