उर्वरित पान ७२ वर

बापूच्या कथा मी तीस वर्षं वाचत आलोय, असा बापूचा समज. तो कथाकार, मी कादंबरीकार. आमच्या धंद्यात एकमेकांचं वाचलेलं असतं असं धरूनच चालायचं. मासिकात त्याची कथा आली की मी त्याला गाठून म्हणायचो, "बापू, शेवट जमलाय." तेवढ्यावर मैत्री ठणठणीत.

मग त्याच्या निवडक कथांचं पुस्तक निघालं आणि प्रस्तावना माझ्या गळ्यात पडली. माळ्यावरचे जुने अंक उतरवले, धूळ झटकली आणि वाचायला बसलो.

थक्क झालो. 'तिनं कडी काढली आणि पाहते तो' – कथा खलास. दुसरीत वकील साक्षीदाराला विचारतो, "मग पिशवीत काय होतं?" आणि बापू गप्प. मी प्रस्तावनेत लिहून टाकलं, 'शेवट नाकारण्याची ही छाती दुसऱ्या कोणाकडे नाही.'

बापू छापखान्यातून मुद्रितं घेऊन आला. प्रस्तावना दोनदा वाचली, चष्मा काढला.

"कादंबरे, पिशवीत मांजर होतं."

"कुठल्या?"

"वकिलाच्या कथेतल्या. पुढं दोन पानं आहेत."

चहा घेऊन आलेल्या बायकोनं अंक उचलला आणि तळाशी बोट ठेवलं. मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: 'उर्वरित पान ७२ वर'.

"अहो, ती मागची पानं मी कापून घेतलीत," ती म्हणाली. "पाठीवर स्वेटरचे नमुने असायचे. भावोजी, मला काय ठाऊक हे आज वाचायला बसतील."

"वहिनी, तुमचा काही दोष नाही. शेवट स्वेटरच्या फायलीत, आणि हा तीस वर्षं म्हणतोय जमलाय."

बाकीचे लेखक मला लांबूनच नमस्कार करतात. घरी येणारा हा एकटाच.

बापूनं मुद्रित पुढं सरकवलं. "वाच. माझ्यासमोर."

वाचलं. पिशवीतून मांजर निघालं. साक्षीदार रडला, वकील रडला, न्यायाधीशांनीही रुमाल काढला.

"कसं वाटलं?"

'जमलाय' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"मांजर नको होतं, बापू."

त्यानं चहा बाजूला सारला. मग त्यानं खिशातली पेन्सिल काढली आणि दोन्ही पानांवर तिरकी रेघ मारली. पुढच्या कथेचा शेवट काढला, त्याच्या पुढचाही. पाचव्या कथेपर्यंत गडी रंगात आला होता.

"तीस वर्षांत आज पहिल्यांदा वाचलंस म्हणायचं," तो म्हणाला. "आता मलाही वाचायला हवं."

माझ्या नव्या कादंबरीचं सहाशे पानी बाड त्यानं जवळ ओढलं. पेन्सिल चाळिसाव्या पानावर थांबली.

"कादंबरे, इथं फार छान संपलीये."