तिसऱ्या मजल्यावरची हलकी फ्रेम

मित्रांनो, पुढे वाचण्याआधी एक करा. डोळे मिटा आणि मनातल्या मनात मला एका हाताने उचलून बघा. बघा, किती सहज उठले. मी एक जुनी सायकलची फ्रेम आहे. चाकं, हँडल, सीट, सगळं काढून घेतलं की जो सांगाडा उरतो, तो मी. पुढे धक्के झेलणारा शॉकअप, मागे काहीच नाही, एकदम साधी. माझा मोरपंखी रंग आता जागोजागी उडाला आहे. तरी मला माझा अभिमान वाटतो, आणि तो माझ्या कमी वजनाचा वाटतो. या वजनापायी मला किती तरी लोकांनी नाकारलं, आणि याच वजनापायी दोघांनी मला आपलं म्हटलं.

कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या जोडून मला घडवलं. जिथे ताण जास्त पडतो तिथे नळ्या जाड ठेवल्या, मध्ये पातळ केल्या आणि मग भट्टीत तापवून मला कणखर केलं. तिथून मी जबलपूरला आले, कमानिया गेटजवळ बंटीभैयांच्या दुकानात. छताच्या हुकाला मला लटकवलं आणि मी लटकतच राहिले. गिऱ्हाईक यायचं, मला हातात तोलायचं आणि म्हणायचं, "इसमें तो दम ही नहीं है।" मग शेजारची लोखंडी फ्रेम घेऊन जायचं. मला फार वाईट वाटायचं. दम काय वजनात असतो?

मग एका रविवारी प्रणोती आली. अकरावीतली मुलगी, बोलणं सुसाट. सोबत तिचे बाबा आणि मोठा भाऊ अनिमेष. ही मंडळी अधारतालला तिसऱ्या मजल्यावर राहायची. इमारतीला लिफ्ट नाही, आणि सायकल खाली ठेवावी तर सीट चोरीला जाते. प्रणोतीची सायकल इतकी जड होती की ती तिला एकटीला उतरवता यायची नाही. म्हणजे अनिमेष उठेल तेव्हा सायकल उतरणार आणि तो घरी असेल तेव्हाच वर चढणार. तिला कुठेही जायचं असलं तरी आधी दादाला मस्का लावायचा. मैत्रिणी पार ग्वारीघाटला पोचायच्या आणि ही अजून "दादा, ऊठ ना" करत पलंगाशी उभी.

"मला अशी फ्रेम पाहिजे जी मी स्वतः उचलीन," तिने दुकानात शिरतानाच सांगितलं. "चाकं, हँडल, सीट जुन्या सायकलचंच लावू. फक्त सांगाडा बदलायचा."

अनिमेषने मागेपुढे दोन्हीकडे शॉकअप असलेली एक धिप्पाड फ्रेम दाखवली. "ही घे. टेकडीवरून उड्या मारशील."

"टेकडीवर मी कधीमधी जाते, शाळेत रोज जाते. मला दोन्हीकडे चालणारी पाहिजे. आणि हिला उतरवणार कोण? तूच ना?"

अनिमेषने ती फ्रेम लगेच जागेवर ठेवली.

बंटीभैयांनी मला हुकावरून काढलं. बाबांनी मला हातात घेतलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. माठ घेताना ठोकतात तसं त्यांनी मला बोटाने ठोकून पाहिलं. बाबा तोफांच्या कारखान्यात तपासणीवर होते. तिथे जो भाग वजनात कमी भरायचा, तो ते सरळ परत पाठवायचे. आयुष्यभराची सवय.

"हे काहून इतकं हलकं आहे? आतून पोकळ वाजून राहिलं."

"अंकल, पाइप है, पोला तो रहेगा ही," बंटीभैया म्हणाले.

"आमच्याकडे असं निघालं तर आम्ही घेत नाही."

"बाबा, हिच्यावर तोफ नाही ठेवायची. मी बसणार आहे."

बंटीभैया हसले, पण बाबा हसले नाहीत. त्यांनी पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अच्छा, जोडून घे. पण सायकल तू एकटीने वर आणायची. कोणी हात लावणार नाही. जमलं तर तुझी, मग कुठं जायचं ते दादाला विचारू नको. नाही जमलं तर ही परत."

"शाम तक वापस ले लूँगा," बंटीभैया म्हणाले, "बस खरोंच मत लगाना।" म्हणजे ओरखडा पडता कामा नये.

मित्रांनो, त्या जिन्यात माझा जीव प्रणोतीच्या खांद्यावर होता. पहिला मजला ती गुणगुणत चढली. दुसऱ्याला पॅडल तिच्या नडगीला लागलं, हँडल वळलं आणि मी कठड्याला खर्रकन घासले. आवाज ऐकून त्या मजल्यावरच्या कुंदाकाकूंनी दार उघडलं.

"अगं, दे इकडं. एक बाजू मी धरते."

"राहू द्या काकू, मी नेते."

ती वर पोचली तेव्हा केस घामाने चिकटले होते आणि चेहरा असा फुलला होता की काय सांगू. आईने, म्हणजे शैलजाताईंनी, कणकेच्या हाताने दार उघडलं आणि म्हणाल्या, "आधी चाकं पूस." बाबा मागून आले. माझ्या ओरखड्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"आता ही परत नाही जायची," ते म्हणाले. तसा चेहरा गंभीरच होता, पण मला कळलं.

मग आमचे सोन्याचे दिवस आले. सकाळी शाळा, रविवारी मदन महलची टेकडी, एका थंडीत तर थेट शहपुऱ्याला जयामावशीकडे. मावशीने येताना हँडलला मटाराची पिशवी लटकवली. ती माझ्यापेक्षा जड होती, तरी मी कुरकुरले नाही. आणि अनिमेष? तो रविवारी निवांत झोपायचा आणि उठल्यावर विचारायचा, "पन्नू कुठं गेली?"

पुढे प्रणोती शिकायला नागपूरला गेली. मला गॅलरीत ठेवलं. टायर बसले. हँडलवर ओले टॉवेल आले, सीटवर कांद्याची टोपली. कोणाचा राग नव्हता माझ्यावर. नुसतं कोणाला माझं काम नव्हतं, आणि ते जास्त दुखतं.

बाबा निवृत्त झाले आणि त्यांचा गुडघा धरला. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. "संध्याकाळी आल्यावर मी उतरवून देतो," अनिमेष रोज म्हणायचा. नोकरी होती त्याची, उशीर व्हायचा. बाबा चहाचा कप घेऊन गॅलरीत माझ्याजवळ उभे राहायचे आणि खालच्या रस्त्याकडे बघायचे. मला ते बघणं ओळखीचं होतं. पलंगाशी उभी असलेली प्रणोती असंच बघायची.

एका सकाळी त्यांनी टोपली खाली ठेवली, टॉवेल काढले, टायरमध्ये हवा भरली. सवयीने मला एकदा बोटाने ठोकलं. मग खांद्यावर घेतलं आणि जिना उतरू लागले, एकेका पायरीवर थांबत.

दुसऱ्या मजल्यावर कुंदाकाकूंचं दार उघडलंच. "अहो भाऊजी, थांबा. एक बाजू मी धरते."

"राहू द्या वहिनी, मी नेतो."

खाली पोचल्यावर त्यांनी नागपूरला फोन लावला. "पन्नू, तुझी सीट बोटभर वर करून राहिलो."

"आणि मी आल्यावर काय चालवू?"

"तेव्हा मला मस्का लाव."

मित्रांनो, माझं मागणं थोडंसंच आहे. आमच्या चेनला तेल द्या, पावसात आम्हाला भिजत ठेवू नका, आमच्यावर टॉवेल वाळवू नका. आणि नवी सायकल घ्याल तेव्हा तिला नुसतं ठोकून पाहू नका. ज्याला ती रोज उचलायची आहे, त्याच्या हातात आधी द्या.

चला, बाबांनी चपला घातल्या. मला खांद्यावर जायचं आहे.